कोल्हापूर : दर्शन, जेवण आणि परतीची गाडी? जरा थांबा की

सीताबर्डीकर

नमस्कार मंडळी. नाशिक करून कोल्हापूरला गेलो होतो, आता नागपुरात परत येऊन सवडीनं लिहितोय. आमच्या विदर्भातल्या लोकांचा कोल्हापूरचा कार्यक्रम ठरलेला असतो. महाराष्ट्र एक्सप्रेसनं शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, तांबडा-पांढरा ओरपायचा, चपला घ्यायच्या आणि पुढं गणपतीपुळं नाही तर गोवा. वेळ उरला तर ज्योतिबा. माझं म्हणणं एवढंच की कोल्हापूर हे मुक्कामाचं गाव आहे. तिथलं निम्मं वैभव पहाटे आणि दिवे लागल्यावर दिसतं, आणि नेमका तेव्हाच बाहेरचा माणूस गाडीत असतो किंवा रांगेत.

आधी नाशिकबद्दल, कारण कोल्हापूरकडं बघायची नजर मला तिथं मिळाली. गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाची वाइनरी आहे. १९९९ साली सुरू झालेली ही कंपनी आज सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं तिथल्या गर्दीचं वर्णन करत नाही. मला आवडलं ते दाखवणं. वेलीपासून सुरुवात, मग द्राक्ष चिरडायचं यंत्र, गारेगार ठेवलेल्या स्टीलच्या टाक्या, पुढं ओकची पिंपं आणि शेवटी पेला. आधी रंग बघा, मग वास घ्या, मग घोट तोंडात फिरवा, असं एक मुलगी मराठीत समजावून सांगत होती. आमच्या मागं येवल्याचं एक शेतकरी जोडपं होतं. दोघांनी पिण्यापेक्षा प्रश्नच जास्त विचारले, आणि तिनं एकेकाचं उत्तर दिलं. शनां ब्लां ही पांढरी वाइन मला फार आवडली. पेरूचा वास येतो म्हणाली तेव्हा विश्वास बसला नव्हता, पण खरंच येतो.

आता कोल्हापूर. मी उतरलो होतो गंगावेसच्या जवळ. पहिल्याच सकाळी अंधार असताना बाहेर पडलो तर रस्त्यावर म्हशी उभ्या, आणि माणसं पेले घेऊन रांगेत. समोर धार काढायची, फेसाळलेला पेला हातात द्यायचा, तिथंच उभ्यानं प्यायचा. तालमीतून आलेली पोरं, फिरायला निघालेले आजोबा, शाळेच्या गणवेशातला एक मुलगा. दुधाला ऊब होती ती म्हशीच्या अंगची. मी नागपुरात चाळीस वर्षं राहिलेला माणूस, असं दूध मी पहिल्यांदा प्यायलो.

तिथून देवळात. काळ्या दगडाचं ते देऊळ पहाटे बघावं. दिवसा रांगेत माणूस पुढच्याच्या पाठीकडं बघत सरकतो. पहाटे खांब दिसतात, कोरीव काम दिसतं, गाभाऱ्याकडं जाणारा अंधार दिसतो. देवी पश्चिमेकडं तोंड करून आहे, म्हणून वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून मूर्तीपर्यंत पोचतात. पायांवर, छातीवर, मग मुखावर. ज्यानं हे देऊळ बांधलं त्यानं सूर्याचं वर्षभराचं चालणं मोजलं होतं. मी गेलो तेव्हा किरणोत्सव नव्हता, पण महाद्वारात उभं राहून मागं वळून बघितलं की ती रेघ डोळ्यांना कळते.

सगळ्यात जास्त वेळ मी कुठं घालवला असेल, तर सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये. कोल्हापूरला जाऊन आलेल्या माझ्या ओळखीच्या एकानंही हे बघितलेलं नाही. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४० च्या दशकात तिथं उत्खनन झालं आणि सातवाहन काळातल्या वस्तीत चक्क रोमन घडणीच्या ब्राँझच्या वस्तू निघाल्या. त्यात पोसायडनची छोटी मूर्ती आहे, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र कुठं आणि करवीर कुठं! शिवाय ब्राँझची सुरई. पेरिप्लस नावाचं पहिल्या शतकातलं एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याचं टिपण आहे, त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी दिलीय. यादीत वाइन आहे, आणि इटलीच्या वाइनला पसंती असं स्वच्छ लिहिलंय. कोल्हापूरच्या सुरईत नेमकं काय ओतलं जायचं हे मी सांगू शकत नाही, पण भूमध्य समुद्राकाठी ओतलेलं ब्राँझ घाट चढून या नदीकाठी आलं हे खरं. नाशिकची टाकी बघून आलेल्या माणसाला त्या काचेसमोरून हलवेना.

खासबाग मैदानावर कुस्ती नव्हती, तरी आत जाऊन बसलो. खाली आखाडा आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेल्या पायऱ्या. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते, रोमचं कलोझियम बघून त्यांना हे सुचलं असं तिथले लोक सांगतात. मैदान १९१२ चं. बाजूलाच १९१५ चं नाट्यगृह, ज्याला पुढं गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव दिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं तेव्हा आमच्या नागपूरच्या नाटकवाल्यांनीही हळहळ व्यक्त केली होती. आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

पन्हाळ्यावर मी थोडक्यात लिहितो कारण सगळे जातात. तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव. जुलै २०२५ पासून किल्ला जागतिक वारशाच्या यादीत आहे. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ मात्र चुकवू नका. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि खाली तेवढीच गोल शिळा. अठ्ठेचाळीस खांब. कडेला उभं राहून वर बघितलं की आभाळाची थाळी दिसते. गाभाऱ्यात शिवाबरोबर विष्णूही, आणि समोर नंदी नाही. नंदी कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात.

माझा प्रश्न असा आहे. नाशिकनं एक पीक घेतलं आणि वेलीपासून पेल्यापर्यंतचा रस्ता लोकांना पायी चालवला. कोल्हापुरात गूळ आहे, चप्पल आहे, कुस्ती आहे, दूध आहे, आणि हे सगळं आजही हातांनी, उघड्यावर होतं. मग बाहेरून आलेल्याला ते कुणी दाखवत का नाही? गुऱ्हाळ बघायचं म्हणून मी रिक्षावाल्यांना विचारत फिरलो. गूळ कुठं मिळेल ते सगळे सांगत होते, कुठं होतो ते कुणी नेऊन दाखवेना.

---

गंगावेसचा

आलासा ते बरं केलासा, आणि पयल्याच सकाळी दूध प्यालासा ते त्याहून बरं. आमच्या कट्ट्यावर बाहेरगावचं माणूस आलं की आम्ही वळखतोय, पण बोलत न्हाई. ते आपलं फोटू काढतंय, काढू दे. तुमी रांगेत थांबून प्यालासा म्हंजे तुमी पावणं.

एक सांगतो. तालीम दाखवायला आम्हाला काय अडचण न्हाई, पण तालीम ही बघायची जागा न्हवं. पोरं पहाटे चारला उठून जोर-बैठका काढत्यात, लाल मातीत तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती मऊ करत्यात. तिथं देवाची तसबीर हाय, शाहू महाराजांची तसबीर हाय. चप्पल घालून कोण आत आलं तर वस्ताद नुसतं बघतोय आणि माणूस आपसूक मागं सरकतोय. त्याला तिकीट लावलं तर माती बाटली असं आमच्या वस्तादाला वाटंल. बघायचं असलं तर या, गप कोपऱ्यात बसा, थंडाई घ्या, आणि जावा. पैसं काढू नका.

---

चुलवाण

सीताबर्डीकर, तुमचा प्रश्न माझ्या घरचा आहे म्हणून सविस्तर लिहिते. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ. दिवाळीनंतर ऊस पिळायचा चरक सुरू व्हायचा आणि उन्हं तापेपर्यंत चालायचा. आता बंद आहे.

गूळ कसा होतो ते सांगते, कारण मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटतं रस आटवला की गूळ झाला. चरकातून रस निघाला की तो काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत येतो. खाली चुलवाण, म्हणजे भट्टी, त्यात उसाचीच वाळलेली चिपाडं जळण म्हणून. रस तापला की वर मळी येते, ती झाऱ्यानं काढायची. जंगली भेंडीची झाडं ठेचून त्याचं चिकट पाणी रसात घालतात, मग मळी भराभर वर येते आणि गूळ स्वच्छ होतो. पुढची सगळी मदार गुळव्यावर. बुडबुडे कसे फुटतात, वास कसा बदलतो, पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी कशी होते, यावरून तो ठरवतो की काहील आता उतरवायची. थोडी आधी उतरली तर काकवी, थोडी उशिरा उतरली तर गूळ करपला. आमच्या गुळव्याला लिहिता येत नव्हतं, पण सगळ्या पंचक्रोशीतले लोक त्याच्या शब्दावर काहील उतरवायचे. मग वाफ्यात ओतायचं, घोटायचं, साच्यात भरायचं, रवे म्हणजे ढेपा तयार. ते मार्केट यार्डात जायचे, तिथं सौदे निघायचे. शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी. कोल्हापूरच्या गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय.

आणि तरी गुऱ्हाळं एकेक करून बंद पडतायत. ऊस साखर कारखान्याला घातला की बिल खात्यावर येतं आणि जबाबदारी संपते. गुऱ्हाळाला रात्रंदिवस माणसं लागतात. चुलवाणापुढं बसायला आता कोण तयार नाही. साखर मिसळलेला स्वस्त गूळ बाजारात आला की चोख गूळ करणाऱ्याचा दर पडतो.

त्यामुळं गंगावेसचा भाऊ म्हणतो ते तालमीबद्दल मला पटतं, गुऱ्हाळाबद्दल पटत नाही. माणसं येऊन बघून, ताजी काकवी भाकरीला लावून खाऊन, दोन किलो गूळ योग्य दरानं घेऊन गेली असती तर माझ्या भावानं चरक विकला नसता.

---

पाहुणी_पुण्याची

छान धागा! आम्ही पुढच्या महिन्यात येतोय, सोबत सासूबाई आहेत, त्यांना जास्त चालवत नाही. खिद्रापूर जमेल का? आणि वंदे भारतनं यावं की गाडीनं?

---

रंकाळाकाठ

@पाहुणी_पुण्याची, खिद्रापूर नक्की जमेल. गाडी देवळाच्या जवळपर्यंत जाते, आत सपाट आहे. त्याच दिवशी नृसिंहवाडी करा, वाटेतच आहे. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं दर्शन, आणि बासुंदी. पावसाळ्यात मात्र नदीची पातळी विचारल्याशिवाय निघू नका. वाडीचं देऊळ पाण्याखाली जातं, आणि २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर पुणे-बंगळूर महामार्गच बंद होता.

आता सीताबर्डीकरांना. तुम्ही सगळं लिहिलंत, रंकाळा तलाव राहिला. संध्याकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूनं फेरी मारायला हवी होती. सगळं कोल्हापूर तिथं असतं: नवीन लग्न झालेली, भांडण झालेली, अभ्यासाला कंटाळलेली, पेन्शन घेतलेली. भेळ, कणसं, आइस्क्रीम. मी कॉलेजपासून तिथं एकटी फिरत आलेय आणि रात्री साडेनवालाही मला कधी मागं वळून बघावं लागलेलं नाही. शहर किती मोठं यापेक्षा शहरात बाई संध्याकाळी किती निवांत बसू शकते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या नाशिकच्या वर्णनात ती मुलगी सगळ्यांना वाइन समजावून सांगत होती, ते वाचून बरं वाटलं. पण आमच्याकडं दारू या शब्दामागं बायकांचा वेगळा इतिहास आहे. आडवी बाटली ऐकलंय ना? गावात दारूचं दुकान नको असेल तर बायका अर्ज करतात, मतदान होतं, चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. माझ्या मावशीनं त्यासाठी आख्खं गाव पायाखाली घातलंय. तिच्यासमोर मी वाइन हे फळाचं पेय आहे असं म्हणू शकणार नाही. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय घेतला तेव्हा सगळ्यात आधी विरोध याच बायकांच्या मनातून उठला. पुढं ते बारगळलं.

मी स्वतः गोव्यात एकदा वाइन प्यायलेय, आवडली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

---

द्राक्षवेल_तासगाव

कोल्हापूरचा धागा आहे, पण द्राक्षाचं नाव निघालंय म्हणून सांगलीकडून बोलतो. आमची तीन पिढ्यांची बाग.

पाहुण्यांना वाइनरीत वेल दाखवतात, पण वेलीचं वर्ष कुणी सांगत नाही. युरोपात वेल थंडीत झोपतो. आपल्याकडं थंडी तेवढी पडत नाही, म्हणून वेलीला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, त्यातून घड येतात. म्हणजे त्यांचं द्राक्ष सप्टेंबरात निघतं आणि आपलं जानेवारी ते मार्चमध्ये. मधे एक अवकाळी पाऊस आला की डाऊनी हा बुरशीचा रोग बसतो, आणि वर्षाची कमाई फवारणीत जाते.

खायच्या द्राक्षाला आणि वाइनच्या द्राक्षाला एक समजू नका. आमची तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही मोठ्या मण्याची, पातळ सालीची, बिनबियांची. त्यांना जीए या वाढीच्या संजीवकात बुडवून मणी फुगवतात, विरळणी करतात. वाइनचा मणी छोटा, साल जाड, आत बी. रंग आणि तुरटपणा सालीत आणि बीतच असतो. साखर जास्त लागते, बाविसच्या पुढं ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), पण आंबटपणाही टिकायला हवा. त्यामुळं कधी तोडायचं हा निर्णय फार नाजूक.

२००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, इथल्याच द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिकला विंचूरचं पार्क आणि आमच्याकडं पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क निघालं. तेव्हा आमच्या भावकीत दोघांनी वाइनच्या जाती लावल्या. करार झाले, पहिली वर्षं बरी गेली. मग २००८-०९ नंतर मंदी आली, टाक्या भरलेल्या, माल उठेना. आमचा माल घेणाऱ्या वाइनरीनं तोडणीच्या ऐन तोंडावर सांगितलं, यंदा नको. वाइनचं द्राक्ष बाजारात कोण खाणार? बारका मणी, दाताखाली बी. चुलत्यानं बाग कुऱ्हाडीनं तोडली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

म्हणून चुलवाण ताईंना एक विनंती. लोकांना दाखवायचं तर जरूर दाखवा, पण दाखवायचा पैसा कुणाच्या खिशात जातो ते आधी ठरवा. टेस्टिंग रूममधल्या पेल्याला जो दर मिळतो त्यातला वेलीपर्यंत किती पोचतो, हे मी अनुभवलंय. ज्याची काहील त्याचाच गल्ला असेल तरच हे करण्यात अर्थ आहे.

---

सीताबर्डीकर

द्राक्षवेल, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला. वाइनरीत पेला हातात घेतला तेव्हा वेलीमागचा माणूस माझ्या डोक्यात नव्हता, तो आता आहे. आमच्याकडच्या संत्र्याची कथा याच्या जवळची आहे.

रंकाळाकाठ, रंकाळ्यावर गेलो होतो, पण दुपारी. पुढच्या वेळी संध्याकाळ त्याच्यासाठी राखून ठेवतो. आणि मावशींबद्दल लिहिलंत ते पोचलं.

---

पांढऱ्याचा_भक्त

मी हॉटेलच्या धंद्यात आहे, स्वयंपाकघरात. मूळ उत्तरेश्वर पेठ. वाइन आणि तांबडा यावर मला बरेच पाहुणे विचारतात, म्हणून लिहितो.

बहुतेक जण मटण म्हटलं की लाल वाइन मागतात. तांबड्याबरोबर ती घेऊ नका. लाल वाइनमधला तुरटपणा आणि अल्कोहोल, दोन्ही तिखटाची आग वाढवतात. तांबड्यात कांदा-लसूण चटणी आहे, वर कट आहे, घशापर्यंत जाळ होतो आणि वाइनचा काही पत्ता लागत नाही. तिखटापुढं थंड, कमी तुरट, किंचित गोडसर पांढरी टिकते. सीताबर्डीकरांची शनां ब्लां चालेल. खरं तर तांबड्याला दही-कांदा आणि सोलकढी याहून चांगली जोड नाही, आमच्या आज्यांनी ते कधीच ठरवलंय.

पांढऱ्याचं वेगळं आहे. मटणाचं आळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजूचं वाटण, आख्खा गरम मसाला आणि तूप. त्यात तिखटाची आग नाही, मऊपणा आहे. इथं चांगली पांढरी वाइन खरोखर शोभते. मी करून बघितलंय, आणि पाहुण्यांना आवडलंय. फक्त पांढरा उकळू देऊ नका, नारळाचं दूध फाटतं. मंद आच, सतत ढवळणं.

अजून एक. कोल्हापूरचं सगळं जेवण तिखट असतं हा समज बाहेरच्या हॉटेलांनी पसरवलाय. कुठल्याही भाजीत लाल तिखट ओतायचं आणि मेनूवर व्हेज कोल्हापुरी लिहायचं. आमच्या घरी मसाला भाजायला आख्खी सकाळ जाते. तीळ, खोबरं, धणे, जिरं वेगवेगळं भाजायचं. तिखटाच्या आधी चव आली पाहिजे, असं आई म्हणते.

आणि मंगळवारी-शुक्रवारी घरगुती खानावळीत मटण मिळालं नाही तर रागावू नका, ते देवीचे वार आहेत. बुधवारी आणि रविवारी या.

---

गोलकीपर_मंगळवारपेठ

एवढं लिहिलं, फुटबॉल कुणीच काढला नाही! शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच लागली की पेठा ओस पडतात. क्रिकेटच्या देशात हे एक गाव आहे जिथं पोरगं चालायला लागलं की त्याला फुटबॉल मिळतो. संघांची नावं तालमींची, म्हणजे एकाच तालमीत खाली कुस्ती आणि वर फुटबॉलचे चषक. थंडीत हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. तिकीट काढून बघता येतो, आणि इथं कुणाची माती बाटत नाही. गॅलरीत बसा, फक्त कुठल्या पेठेच्या बाजूला बसताय ते आधी विचारा.

---

गंगावेसचा

गोलकीपर भावा, बरोबर. फुटबॉलला सगळ्यांनी यावं.

चुलवाण ताई, तुमचं वाचून मी गप झालो. तालमीचं आणि गुऱ्हाळाचं येगळं हाय हे पटलं. तालमीला वस्ताद हाय, मंडळ हाय, ती चालणार. गुऱ्हाळ गेलं की परत येत न्हाई. चपलेचं पण तसंच. आमच्या गल्लीच्या मागं दोन घरं अजून पायताण शिवत्यात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, सगळी शिलाई चामड्याच्या वादीनं, खिळा न्हाई. एक जोड करायला किती दिवस जात्यात ते दुकानात विचारा, न्हाई सांगणार, कारण दुकानदारानंच कधी बघितलेलं नसतंय. २०१९ ला जीआय मिळालं, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तीच चप्पल नाव न घेता दाखवली. बोंबाबोंब झाल्यावर प्रेरणा भारतातली हाय म्हणून कबूल केलं. त्या येळी चार कॅमेरेवाले आमच्या गल्लीत आले, दोन दिवस फिरले आणि गेले. त्या दोन घरांची ऑर्डर काय वाढली न्हाई.

म्हणून तासगावकरांचं म्हणणं धरून बोलतो. जो शिवतोय त्याच्या दारात गिऱ्हाईक गेलं पायजे.

---

चुलवाण

मग सुरुवात करूया का? माझ्या माहेरचं गुऱ्हाळ बंद असलं तरी शेजारच्या गावात माझ्या मामेबहिणीच्या सासरचं चालू आहे. त्यांच्याशी मी काल बोलले. त्यांची अट एकच, फोटोसाठी काहिलीच्या जवळ कुणी लहान मुलांना आणू नये, रस उकळत असतो. डिसेंबरात चरक जोरात असतो. सकाळी लवकर पोचलं तर रस काहिलीत पडण्यापासून रवे भरेपर्यंत सगळं बघता येईल, साधारण अर्धा दिवस धरा. पैसे थेट त्यांच्या हातात द्यायचे, मधे मीही नाही. गूळ घ्यायचा तर त्यांच्या दरानं, घासाघीस नको.

---

द्राक्षवेल_तासगाव

हे आवडलं. फेब्रुवारीत तोडणी सुरू झाली की माझ्या बागेतही या. वाइन मिळणार नाही, द्राक्षं आणि बेदाण्याचं शेड दाखवतो. हिरव्या बेदाण्याचा वास तिथंच येऊन घ्यायला हवा.

---

पाहुणी_पुण्याची

डिसेंबरात मी सासूबाईंना घेऊन येते. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात गुऱ्हाळ होतं, ऐकल्यापासून त्या बॅग भरायला बसल्यात. बसायला खुर्ची मिळेल ना?

---

चुलवाण

खुर्ची मिळेल, बाजही मिळेल. गुऱ्हाळावर म्हाताऱ्या माणसांची जागा सावलीत आधीच ठरलेली असते. येताना भाकरी मात्र आणू नका, तिथं गरम मिळेल.

---

सीताबर्डीकर

मी महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट बघतोय. गंगावेसच्या भावा, त्या दोन घरांचा पत्ता इथं टाकू नका, मला आल्यावर नेऊन दाखवा. माझ्या पायाचं माप घेऊन शिवलेली चप्पल हवी आहे, आणि ती जेव्हा तयार होईल तेव्हा होईल, मी थांबतो.